काशीबाईचं गाणं आणि साहेबाचे सेल

…आणि वर परत विचारतात, "खरं सांग दामू, कुनाचं गानं बरं?" अहो, हा काय माणसाला विचारायचा प्रश्न झाला? तुम्हीच सांगा! एकीकडे सख्खी सासू, दुसरीकडे अमेरिकेचा साहेब. सासूचं बरं म्हणावं तर मनाला पटत नाही, साहेबाचं बरं म्हणावं तर घरात चूल पेटत नाही, आणि दोन्ही बरी म्हणावं तर… तर तुम्हाला सांगतो, दोन्ही बरी म्हणणाऱ्या माणसाला आमच्या मुरबे गावात कुणी पाणीसुद्धा विचारत नाही. दामूने म्हणून बघितलंय. दामू म्हणजे माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो तो दामू. माणूस असा गरीब की बाजारात पापलेटाचा भाव सांगतानासुद्धा आधी माफी मागतो. ज्याला जन्मात भांडता आलं नाही, नेमका तोच दोन गाण्यांच्या मधे सापडला! नशीब, दुसरं काय?

आता गाणं म्हणजे काही नाटकाबिटकातलं नव्हे हो. होडी ओढायचं गाणं. तुम्ही किनाऱ्यावरचे नसाल म्हणून सांगतो. पावसाळा तोंडावर आला की आम्ही होड्या पाण्याबाहेर ओढून वाळूवर घेतो, वर माडाच्या झावळ्यांचे झाप घालून शाकारतो, आणि नारळी पौर्णिमेला परत पाण्यात लोटतो. खाली लाकडाचे ओंडके, पुढे दोर, दोराला अख्खा पाडा. आणि नुसतं ओढून ती हलते का? हलायचं नाव नको! एकाने गायचं, आणि ओळीच्या शेवटी 'हैसा' आला की सगळ्यांनी एकदम ओढायचं. हैसाच्या आधी ओढलंत तर एकटेच पडता, नंतर ओढलंत तर शेजाऱ्याच्या पाठीवर पडता. म्हणून गाणाऱ्याला मान. आणि मुरब्यात गाणार कोण? काशीबाई. दामूची सासू. दुसरं कुणी गायलं तर होड्या हलायच्या नाहीत, निदान माणसं तरी हलायची नाहीत.

गाणं तिचं स्वतःचं. तिचा नवरा जानू, देव त्याचं भलं करो, मोठा झोपाळू गडी. भरती येऊन शेजाऱ्यांच्या होड्या खाडीबाहेर गेल्या तरी हा आपला घोरतोय. त्याला उठवता उठवता काशीबाईच्या तोंडात ते जुळलं…

"ऊठ रं धनी, भरती आली… हैसा!
सूर्य आला माडावरी… हैसा!
शेजारी गेला जाळं घेऊन… हैसा!
तुझं घोरनं सरंल कवा… हैसा!"

कसं? फटाफट! शेवटच्या ओळीला सगळा पाडा हसायचा, त्या हसण्यात होडी हातभर जास्त सरकायची. जानू जाऊन वर्षं झाली, गाणं तसंच राहिलं.

आणि या सुखात साहेब आला. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, सहासष्ट-सदुसष्टचं साल, अमेरिकेची माणसं येऊन राहिली होती, आणि दामू त्यांच्या कॉलनीत पापलेट घेऊन जायचा. त्यात हा हॉलिससाहेब. पाइप जोडणाऱ्यांवरचा फोरमन. उंच, लालबुंद, संध्याकाळी व्हरांड्यात गिटार घेऊन बसणारा. हिंदी शिकला होता बोईसरच्या वेल्डर लोकांकडून, त्यामुळे त्याच्या हिंदीत निम्म्या शिव्या होत्या आणि त्या शिव्या आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. दामू मासळी साफ करता करता गुणगुणत होता. साहेबाने गिटार थांबवली. "दामू, ये गाना किसका?" दामू छाती फुगवून म्हणाला, "हमारा सासू का!" तिथेच चुकला. म्हणायचं ना, देवाचं आहे!

साहेब आला ना मग मुरब्याला. होड्या वर ओढायच्या दिवशी, सेलवर चालणारं टेपचं मशीन खांद्याला लटकवून. दोन चकत्या गरागरा फिरतायत, काशीबाई गातेय, आम्ही ओढतोय, साहेब वाळूत गुडघे टेकून ते डबडं धरून बसलाय. काशीबाईने त्या दिवशी असा आवाज लावला की समोर खाडीपलीकडे सातपाटीच्या होड्यासुद्धा हलल्या असतील. साहेबाने दामूला समजावलं, की त्याच्या मुलुखात मोठी नदी आहे, तिथेही माणसं ओझी ओढताना अशीच गातात, आणि मग संध्याकाळी तेच गाणं गिटारवर घेऊन सावकाश, आतड्यातून, रडवेलं करून म्हणतात. त्याला ब्लूज म्हणतात. दामूला हे काही पटलं नाही. ओझं उचलून झाल्यावर रडायचं कशाला? रडायचं तर ओझं उचलताना रडा! पण साहेबाला कोण सांगणार, मान डोलावली आणि घरी आला.

मग आला आषाढ. पाऊस कोसळतोय, होड्या झापाखाली, माणसं जाळी विणत घरात. आणि एका दुपारी साहेब चिखल तुडवत दामूच्या ओटीवर हजर! "माँजी का गाना मैंने गाया है. माँजी को सुनाना है." झालं! क्षणात सगळा पाडा ओटीवर. मधे चटईवर काशीबाई, डोक्यावर पदर, लग्नात वरमाय बसते तशी. दामूची बायको जमना चहा घेऊन उभी. साहेबाने कळ दाबली.

ट्यांऊऊऊ… गिटार. मग परत ट्यांऊऊ… मग काहीच नाही. तात्या, म्हणजे आमचे सगळ्यात जुने तांडेल, होडी हाकणारे, म्हणाले, "बिगाडला वाटतं." इतक्यात साहेबाचा आवाज…

"ऊऊऊठ… रं… धनीऽऽऽ…"

अहो, काय सांगू तुम्हाला! शब्द आमचे, मोडके-तोडके, पण आमचेच. आणि आवाज असा की त्या माणसाचं घरदार वाहून गेलंय. "भरती… आऽऽली…" आणि हैसा? हैसा येईचना! आम्ही सगळे बसल्या जागी हात आवळून थांबलोय, आता येईल, आता येईल, आणि येणार असं वाटणं सोडून दिलं की मागून हळूच, सुस्कारा टाकावा तसा… "हैऽऽसा."

गाणं संपलं. पागोळ्यांचा आवाज तेवढा. मासळीवाली नवसी, जिच्या जिभेला सगळं सातपाटी बंदर घाबरतं, ती पदराला नाक पुसत होती. तात्या म्हणाले, "होडी बुडाली काय याची?" नवसी म्हणाली, "गप रवा तात्या, तुमाला काळीज नाय." तात्या म्हणाले, "काळीज हाय, पन यावर होडी कशी वडायची ती सांग!" आणि सगळे वळले काशीबाईकडे. काशीबाई उठली. पदर सारखा केला. "बिगाडलं मेल्यानं," म्हणाली, आणि भर पावसात, डोक्यावर काही न घेता, आपल्या घरी निघून गेली.

साहेबाचं तोंड एवढंसं झालं. "माँजी को पसंद नहीं आया?" दामू बिचारा गोंधळून म्हणाला, "आया साहब, बहुत आया, इसलिए गया!" साहेबाला कामासाठी मुंबईला जायचं होतं. तो मशीन दामूकडेच ठेवून गेला. माँजीचा राग उतरला की परत ऐकव म्हणाला. राग उतरतोय कसला!

आणि इथून पुढे दामूचे हाल. रिकामा पाडा, धो धो पाऊस, आणि घरात गाणारा डबा! रोज माणसं यायची. त्याच टेपवर आधी काशीबाईचं मूळ गाणं होतं, मागून साहेबाचं. आधी हे लाव, मग ते लाव, परत हे लाव. तात्यांचा पक्ष म्हणे, "गानं म्हंजे काशीचं. ऐकून हात शिवशिवतात." नवसीचा पक्ष म्हणे, "हात शिवशिवतात, पन इथं? इथं छातीत काय होतंय काय?" ज्या जिवल्याला घरात बायको बोलू देत नाही तोसुद्धा मत द्यायला लागला! आणि सगळं झालं की सगळ्यांची तोंडं दामूकडे. "खरं सांग दामू, कुनाचं गानं बरं?"

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला सांगू नका, दामूला साहेबाचं आवडलं होतं. मनापासून आवडलं होतं. सगळे गेले की तो जमना पाणी आणायला गेल्याची खात्री करायचा आणि एकटाच ऐकत बसायचा. मला भिंतीतून ऐकू यायचं ना! भल्या माणसाला आपण सासूशी बेइमानी करतोय असं वाटायचं, म्हणून तो आधी एकदा काशीबाईचं लावायचा, आणि मगच साहेबाचं.

आणि गाणं दिवसेंदिवस जास्तच रडवेलं व्हायला लागलं. खरंच! तात्या म्हणाले, "काल एवडं लांब नवतं." नवसी म्हणाली, "आज जास्त दुखतंय त्याला." काशीबाईचा आवाजही जडावला होता, पण त्याकडे लक्ष कुणाचं? ती म्हातारी झाली म्हणाले! श्रावण लागला तेव्हा साहेबाच्या हैसाला इतका वेळ लागायचा की मधल्या वेळात चहा ओतून व्हायचा. आणि माणसांना सवय लागली हो! दोर वळताना, जाळं शिवताना, जो तो आपला त्याच लयीत… "ऊऊऊऊठ…" लहान पोरंसुद्धा शाळेत जाताना तशीच सावकाश चालायला लागली.

इकडे नारळी पौर्णिमा आली तोंडावर. आणि दामूची नवीन होडी पहिल्यांदा पाण्यात जायची होती! किती वर्षांनी बांधली त्याने, स्वतः उभं राहून, फळी फळी निवडून. मोठी होडी, म्हणून बांधली होती जरा वरच्या अंगाला, पौर्णिमेची उधाणाची भरती तेवढी तिथवर पोचते. ती चुकली की थेट अमावस्येपर्यंत होडी वाळूत, आणि हंगामाची पहिली मासळी दुसऱ्यांच्या जाळ्यात. आणि काशीबाईने सांगून टाकलं, "मी नाय गानार. त्या डब्याला सांग तुझी होडी वडायला."

जमना रडली. जमनाने आईशी अबोला धरला, मग नवऱ्याशी धरला. "तुमी आनलात तो सायब आमच्या घरात!" शेवटी दामू गेला सासूकडे. ती खाली मान घालून जाळं शिवत होती. दामूने रस्ताभर घोकलेलं बोलून टाकलं. "मामी, तुमचंच गानं बरं. त्या सायबाला काय अक्कल हाय?"

काशीबाईने वर बघितलंसुद्धा नाही. "खोटं बोलतोस. तुला त्याचं आवाडतं. जमनीने भायेरून ऐकलाय तुला."

दामू गार! जमिनीने पोटात घ्यावं तर खाली शेणाने सारवलेली घट्ट जमीन.

"त्याचं वाईट हाय असं मी कवा बोल्ली?" काशीबाई म्हणाली. सुई थांबली होती. "दामू, तुझा सासरा निजेतच गेला. तुला ठावं हाय. त्या सकाळी मी हेच बोलत होती. ऊठ रं, भरती आली. पयल्यांदी जोरात बोल्ली. मंग परत बोल्ली. मंग हलू बोल्ली. मंग आनखी हलू…" तिने सुई जाळ्यात खोचली. "मी जल्मभर तो पयला आवाज गायलाय. बाकीचे कुनाला दाखवले नाय. आन हा मेला, आपली भाषा येत नाय, काय ठावं नाय, आन नेमका तसाच बोल्लाय. समद्या पाड्यासमोर."

जानू झोपेत गेला हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं हो. पण गाण्याशी कुणी जोडलंच नव्हतं! इतकी वर्षं आम्ही त्या शेवटच्या ओळीला हसत होतो. दामूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "रवू द्या मामी," तो म्हणाला. "होडी अमावस्येला लोटू." तशी काशीबाई खेकसली, "गप! होडी काय माज्यासाठी थांबनार हाय? येईन मी. पन डबा बंद!"

पौर्णिमा उजाडली. होडीला झेंडे, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळद-कुंकू, नारळ वाढवला, गुलाल उडाला. साहेबही आला मुंबईहून, अर्धी चड्डी घालून दोराला लागला. पाणी चढत चढत आलं. काशीबाई पुढे उभी राहिली, कंबरेवर हात ठेवला, आणि तोच तिचा खणखणीत आवाज… "ऊठ रं धनी, भरती आली, हैसा!"

तात्यांच्या पक्षाने ओढलं. बरोबर हैसावर. मग थोड्या वेळाने एकट्या साहेबाने ओढलं आणि तो जिवल्याच्या पाठीवर पडला. आणि मग, सगळं निवांत झाल्यावर, नवसीच्या पक्षाने ओढलं! काय करणार, हाडात भिनलं होतं! "सूर्य आला माडावरी, हैसा!" परत तेच! होडीचं तोंड आधी मुरब्याकडे, मग सातपाटीकडे, ओंडका निसटला, आणि होडी आडवी होऊन वाळूत रुतली. आणि भरती ऐन भरात! भांडण जुंपलं. "तुमी उशिरा वडता!" "तुमी घाई करता!" "मूळ गानं हे हाय!" "पन चांगलं ते हाय!" आणि कुणी तरी, दोर हातात असताना, अहो, दामूची होडी डोळ्यांदेखत आडवी पडलेली असताना, विचारलंच… "खरं सांग दामू, कुनाचं बरं?"

दामू जन्मात पहिल्यांदा ओरडला. "माझी होडी बुडत पन नाय नि तरंगत पन नाय, आन तुमी गानी कसली लावता!" एवढं बोलून तो वाळूत मटकन बसला.

पाणी उतरायला लागणार होतं. काशीबाईने पाण्याकडे बघितलं. होडीकडे बघितलं. बसलेल्या जावयाकडे बघितलं. आणि तिने कंबरेवरचा हात काढला, डोळे मिटले, आणि हळू, आम्ही कधीच ऐकला नव्हता अशा आवाजात…

"ऊऊऊठ… रं… धनीऽऽऽ…"

दोर आपोआप ताठ झाला. "भरती… आऽऽऽली…" हैसा येईना. तात्यांनीसुद्धा पाय रोवले, छाती भरून घेतली, सगळा पाडा श्वास धरून थांबला, आणि मग आला. "हैऽऽऽसा." अख्खा पाडा एक झाला. होडी सरळ झाली! परत एक ओळ, परत तेवढीच वाट, परत एक ओढ. शेवटच्या ओळीला कुणी हसलं नाही. "तुझं… घोरनं… सरंल… कवा…" आणि होडी पाण्यात! तरंगली! आणि काशीबाईने डोळे उघडून, पदराने तोंड पुसून, जुन्या आवाजात सणसणीत एक हाळी दिली, "हैसा!" आणि ती स्वतःच हसत सुटली. माझी हसत हसत सांगण्याची पद्धत गेली खड्ड्यात, आम्ही सगळे रडत होतो.

साहेब ओला, डोळे पुसतोय, काशीबाईच्या पाया पडतोय. आणि मग दामूला विचारतो, "लेकिन इतना स्लो किसने सिखाया?" दामू म्हणाला, "आपने!" साहेब म्हणाला, "मैं इतना स्लो नहीं गाया!" आता आली का पंचाईत! मशीन आणलं. साहेबाने ते उघडलं, सेल हातात घेतले, आणि पोट धरून हसायला लागला. सेल उतरले होते हो! पावसाळाभर वाजवून वाजवून मेले होते, म्हणून गाणं लांबत गेलं होतं! त्याने नवे सेल घातले, कळ दाबली, आणि साहेबाने खरं गायलेलं गाणं सगळ्यांनी ऐकलं. नवसीने तोंड वाकडं केलं. "हे कोन गातंय? बिगाडलं!"

पुढे काम संपलं, साहेब आपल्या नदीकाठी परत गेला, जाताना ते मशीन माँजीला देऊन गेला. आणि आता रोज संध्याकाळी काशीबाई दामूच्या ओटीवर येऊन बसते. "लाव त्या मेल्याचा रडका डबा." दामू लावतो. नवे सेल असले की ती दोन ओळी ऐकते आणि हात झटकते. "हे नाय. ते आपलं मूळ गानं लाव." उतरल्या सेलवरचं ते, आपलं, मूळ! ऐकताय ना?

म्हणून तुम्हाला सांगतो, कधी मुरब्याला आलात आणि भर दुपारी, रणरणत्या उन्हात, किनाऱ्यावरून पेटवलेला टॉर्च हातात घेऊन फिरणारा माणूस दिसला, तर त्याला हसू नका. तो आमचा दामू. नवे सेल उतरवतोय. कुणी विचारलंच, "दामू, उजेडात काय शोधतोस रे?" तर बिचारा टॉर्च विझवतसुद्धा नाही. म्हणतो, "सासूचं गानं."